चित्रपट-फितीच्या प्रक्रियायंत्रातील तापमाननियंत्रण व गाळणव्यवस्था : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा जलाशय हा त्यांपैकीच एक होय. वनराईने वेढलेल्या अशा जलाशयाचे पाणी पावसाळ्यात गढूळ होते, हिवाळ्यात नितळ होते आणि मे महिन्यात, विदर्भातील हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात गेले म्हणजे, काठालगत कोमट लागते. शेतीच्या किंवा पक्षिजीवनाच्या दृष्टीने हे ऋतुचक्र स्वाभाविक आहे. परंतु वर्षाचे बाराही महिने एकाच तापमानाचे व एकाच शुद्धतेचे पाणी ज्याला हवे, अशा उद्योगासमोर मात्र हेच ऋतुचक्र कठीण प्रश्न उभा करते. चित्रपटाच्या फितीवर रासायनिक प्रक्रिया करणाऱ्या प्रयोगशाळा हा असाच एक उद्योग होता.

मराठी व्यवहारात ‘फिल्म डेव्हलप करणे’ यापेक्षा ‘रोल धुवायला देणे’ हा शब्दप्रयोग अधिक रूढ होता. वस्तुतः धुणे ही या प्रक्रियेतील एक पायरी आहे. तथापि पाणी, त्याची उष्णता आणि त्याची स्वच्छता यांवरच सारे अवलंबून असते, हे या शब्दप्रयोगातून नकळत सूचित होते. चित्रपटविषयक लेखनात दिग्दर्शन, अभिनय, संगीत व छायालेखन यांची चर्चा विपुल आढळते. प्रयोगशाळेतील पंप, गाळण्या व उष्णतामापक यांची चर्चा त्या मानाने अत्यल्प आहे. प्रस्तुत लेखात या यंत्रणेचे कार्य, तिची शास्त्रीय बैठक आणि महाराष्ट्रातील चित्रपटव्यवसायाशी असलेला तिचा संबंध यांचा विचार केला आहे. तापमाननियंत्रण व गाळण या दोन स्वतंत्र सोयी नसून एकाच अभिसरणव्यवस्थेची दोन अंगे आहेत, आणि जुन्या चित्रपटांचे आयुष्य काही अंशी याच व्यवस्थेने ठरविले आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. प्रक्रियेचे स्वरूप

चित्रपटाची फीत म्हणजे पारदर्शक पट्टीवर चढविलेला जिलेटिनचा पातळ थर होय. या थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. कॅमेऱ्यातून आलेला प्रकाश या स्फटिकांवर डोळ्यांना न दिसणारी सुप्त प्रतिमा उमटवितो. डेव्हलपर हे द्रावण प्रकाश लागलेल्या स्फटिकांचे धातुरूप चांदीत रूपांतर करते. फिक्सर, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘हायपो’ म्हणतात ते थायोसल्फेटचे द्रावण, उरलेले स्फटिक विरघळविते. शेवटी पाण्याने धुऊन थरातील रसायने काढून टाकली जातात व फीत वाळविली जाते.

रंगीत फितीत एकावर एक असे तीन संवेदी थर असतात. रंगीत डेव्हलपरची क्रिया होत असता चांदीसोबतच पिवळा, किरमिजी व निळसर हे तीन रंगही तयार होतात. पुढे ब्लीच चांदीचे पुन्हा हॅलाइडमध्ये रूपांतर करते व फिक्सर ते काढून टाकतो. मागे केवळ रंग उरतात. १९७० च्या दशकापासून रंगीत निगेटिव्हसाठी जगभर रूढ झालेल्या ‘ईसीएन-२’ या प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान ४१.१ अंश सेल्सिअस असून त्यात केवळ ०.१ अंशाचा फरक चालतो. फितीने त्यात तीन मिनिटे राहावयाचे असते. ब्लीच व फिक्सरसाठी ३८ अंशांच्या जवळपास एका अंशाची मोकळीक आहे, तर धुण्याच्या पाण्यासाठी २७ ते ३८ अंश इतकी मर्यादा पुरेशी मानली जाते. चित्रपटगृहात दाखवावयाच्या प्रतींसाठी असलेल्या ‘ईसीपी-२’ प्रक्रियेत डेव्हलपर ३६.७ अंशांवर ठेवावा लागतो आणि तेथेही मर्यादा ०.१ अंशाचीच आहे.

ही सर्व कामे करणारे यंत्र म्हणजे एकामागून एक मांडलेल्या टाक्यांची रांग होय. फीत रुळांवरून वरखाली फिरत या टाक्यांतून अखंड सरकत असते. यंत्राचा वेग मिनिटाला ६० मीटर धरला, तर तीन मिनिटांच्या डेव्हलपर-टाकीत कोणत्याही क्षणी १८० मीटर फीत असते. टाकीत क्षणभर बिघाड झाला तरी या साऱ्या लांबीवर त्याचा परिणाम होतो. कॅमेऱ्यातील निगेटिव्ह एकमेव असल्याने झालेली चूक दुरुस्त करण्याची दुसरी संधी नसते.

२. तापमान इतके काटेकोर का?

रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हे सर्वज्ञात आहे. मग तापमान वाढले तर वेळ कमी करून भागेल, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. कृष्णधवल डेव्हलपरमध्ये बहुधा मेटॉल व हायड्रोक्विनोन ही दोन द्रव्ये एकत्र वापरतात. तापमानाचा परिणाम मेटॉलवर कमी व हायड्रोक्विनोनवर बराच अधिक होतो. त्यामुळे तापमान बदलले की क्रियेचा केवळ वेग बदलत नाही, तर दोन द्रव्यांच्या कार्याचे परस्परप्रमाणही बदलते. परिणामी प्रतिमेतील छाया व प्रकाश यांच्यातील अंतर, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, वेगळा येतो.

रंगीत फितीत ही अडचण तिपटीने वाढते. द्रावण प्रथम वरच्या थरात शिरते व तेथून झिरपत खालच्या थरात पोहोचते. तापमानातील चढउताराचा प्रभाव तिन्ही थरांवर सारखा पडत नाही. एखाद्या थराचा कॉन्ट्रास्ट इतरांपेक्षा वाढला, तर छायेत एक छटा व उजेडात तिच्या विरुद्ध छटा दिसू लागते. प्रत छापताना संपूर्ण चित्राचा रंग एका दिशेने सरकविता येतो. परंतु दोन टोकांना दोन वेगळ्या छटा असतील तर छपाईतील कोणतीही दुरुस्ती एकाच वेळी दोन्हीकडे लागू पडत नाही. ०.१ अंशाच्या आग्रहामागील कारण हे आहे.

तिसरे कारण जिलेटिनचे. ते पाण्यात फुगते आणि त्यावर कठीणीकरणाचा संस्कार केलेला नसेल तर सुमारे ३० अंशांच्या पुढे मऊ पडून निसटू लागते. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाताना तापमान एकदम बदलले, तर थराला सूक्ष्म सुरकुत्या पडून प्रतिमेवर जाळी उमटण्याचा धोकाही असतो. ऊन पाण्याचे मोठे संकट सुरुवातीच्या काळात याच रूपाने समोर येत असे.

३. महाराष्ट्रातील वाटचाल

धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा व त्यासोबत फितीला छिद्रे पाडण्याची, ती धुण्याची व छापण्याची सामग्री घेऊन आले. दादर येथील राहत्या घरीच त्यांनी अंधारखोली उभारली. सरस्वतीबाई फाळके यांनी फितीला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे व फीत धुणे ही कामे आत्मसात केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झालेला सुमारे ३,७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशा घरगुती प्रयोगशाळेतून बाहेर पडला. त्या काळी जगभर प्रचलित असलेल्या पद्धतीनुसार फीत लाकडी चौकटीवर गुंडाळून टाक्यांत बुडवीत व मोठ्या पिंपावर वाळवीत. उष्ण प्रदेशात हे काम करणारे लोक रात्रीची वा पहाटेची वेळ निवडीत, टाकीभोवती बर्फ ठेवीत, द्रावणात सोडियम सल्फेट घालून जिलेटिनचे फुगणे रोखीत किंवा क्रोम तुरटीने थर कठीण करून घेत. तापमाननियंत्रण तेव्हा माणसाच्या हाताला आणि नजरेला कळेल तेवढेच होते.

बोलपटाने ही परिस्थिती बदलली. ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत आणि प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली प्रदर्शित झाला. फितीच्या कडेला प्रकाशाच्या साहाय्याने मुद्रित झालेला ध्वनी ही सुद्धा एक प्रतिमाच असते. चित्रात किंचित असमानता असली तर प्रेक्षक ती खपवून घेतो. ध्वनिपट्टीतील असमानता मात्र खरखर किंवा आवाजाचा चढउतार होऊन कानाला लगेच जाणवते. हाताने चौकटी बुडविण्याच्या पद्धतीत ही समानता राखणे अवघड होते. त्यामुळे अखंड चालणारी यंत्रे, ठरावीक तापमान व घनतेचे मापन यांना जगभर महत्त्व आले. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या व १९३३ साली पुण्यात आलेल्या प्रभातसारख्या संस्थांच्या दृष्टीने प्रयोगशाळा हा चित्रपटगृहातील ध्वनीच्या दर्जाचाही प्रश्न ठरला.

रंगाच्या बाबतीत परावलंबन अधिक काळ टिकले. प्रभातच्या ‘सैरंध्री’ या १९३३ च्या चित्रपटाच्या रंगीत प्रतींसाठी जर्मनी गाठावी लागली आणि तरीही अपेक्षित परिणाम साधला नाही. सोहराब मोदी यांचा ‘झांसी की रानी’ हा १९५३ चा चित्रपट टेक्निकलर पद्धतीचा होता. पुढील काळात मुंबईतील फिल्म सेंटर, रामनॉर्ड, बॉम्बे फिल्म लॅबोरेटरीज, १९७८ साली सुरू झालेली अ‍ॅडलॅब्ज इत्यादी प्रयोगशाळांनी ही क्षमता येथे निर्माण केली.

येथे एक बाब लक्षणीय आहे. कृष्णधवल प्रक्रियेचे तापमान २१ अंशांच्या आसपास आणि आरंभीच्या रंगीत निगेटिव्ह प्रक्रियेचे २४ अंशांच्या आसपास असे. थंड देशांत हे तापमान गाठण्यासाठी द्रावण तापवावे लागे. मुंबईत ते शीतकयंत्राने थंड करावे लागे. ४१.१ अंशांची नवी प्रक्रिया आल्यावर मुंबईतील प्रश्नाची दिशा उलटली. आता टाकी खोलीपेक्षा सदैव उष्ण असल्याने ती आपोआप निवत राही व नियंत्रकाला केवळ उष्णता पुरविण्याचे काम उरले. एकाच दिशेने करावयाचे नियंत्रण अधिक सोपे व स्थिर असते. मात्र असेच यंत्र बोदलकसाच्या परिसरात मे महिन्यात ४५ अंशांच्या उघड्या शेडमध्ये बसविले असते, तर याही प्रक्रियेला थंडाव्याची गरज भासली असती. यंत्र ज्या हवेत व ज्या पाण्यावर चालते त्याचा विचार त्याच्या रचनेपासून अलग करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

४. तापमाननियंत्रणाची रचना

प्रत्येक महत्त्वाच्या टाकीला स्वतःचे अभिसरणमंडळ असते. पंप टाकीतील द्रावण ओढून घेतो, ते गाळणीतून पुढे ढकलतो, तेथून ते उष्णता-विनिमयकात जाते आणि पुन्हा टाकीत परतते. विनिमयकात द्रावण व गरम किंवा थंड पाणी यांच्यामध्ये धातूची भिंत असते. उष्णता जाते, पण द्रव मिसळत नाहीत. परतणारे द्रावण टाकीतील फवाऱ्यांमधून फितीच्या पृष्ठभागावर आदळते. त्यामुळे फितीलगत साचलेले वापरलेले रसायन दूर होते व ताजे द्रावण तिथे पोहोचते. बहुतेक टाक्यांसाठी गंजरोधक पोलाद चालते. फेरिसायनाइडयुक्त ब्लीच मात्र त्यालाही खाते, म्हणून तेथे टायटॅनियमसारखा धातू किंवा योग्य प्लास्टिक वापरावे लागते.

उष्णतेचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. डेव्हलपरची टाकी व तिचे मंडळ मिळून ४०० लिटर द्रावण आहे असे समजू. ते पाण्यासारखेच मानले तर त्याचे तापमान एक अंशाने बदलण्यास सुमारे १,६८० किलोज्यूल उष्णता लागते. मिनिटाला ६० मीटर फीत म्हणजे साधारण अर्धा किलो वस्तुमान २५ अंशांवरून ४१ अंशांवर न्यावयाचे. त्याला जेमतेम १२ किलोज्यूल पुरतात. परंतु खर्च झालेल्या रसायनाची भरपाई म्हणून दर मिनिटाला दोन लिटर ताजे द्रावण २५ अंशांवरच टाकीत सोडले, तर ते तापविण्यास सुमारे १३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे टाकी थंड करणारा मुख्य घटक फीत नसून भरपाईचे द्रावण आहे. तापक बंद पडल्यास केवळ या दोन कारणांनी तापमान मिनिटाला जवळजवळ ०.०९ अंशाने उतरते आणि ०.१ अंशाची मर्यादा सव्वा मिनिटाच्या आत ओलांडली जाते. भरपाईचे द्रावण आधीच कोमट करून सोडण्याची दक्षता का घेतली जाते, हे यावरून ध्यानात येईल.

साधा थर्मोस्टॅट ठरलेल्या बिंदूखाली तापमान गेले की तापक चालू करतो व बिंदू ओलांडला की बंद करतो. तापकात साठलेली उष्णता मात्र नंतरही द्रावणात उतरत राहते, त्यामुळे तापमान बिंदूच्या वरखाली हेलकावे खाते. घरगुती गिझरला हे चालते. येथे चालत नाही. म्हणून प्लॅटिनमच्या विद्युत्‌रोधातील बदलावरून तापमान मोजणारा संवेदक आणि प्रमाणानुसार उष्णता देणारा नियंत्रक यांची जोड वापरली जाते. तापमान ठरलेल्या बिंदूच्या जवळ येऊ लागते तसतशी हा नियंत्रक उष्णता कमी करीत नेतो; शिवाय बदलाचा वेग व आधीची साचलेली तूटही विचारात घेतो. एवढे असूनही अचूक काचेच्या उष्णतामापकाने टाकीतील तापमान रोज पडताळून पाहणे आवश्यक मानले जाई, कारण संवेदकच चुकीचे दाखवू लागला तर नियंत्रक ती चूक निष्ठेने सांभाळीत राहतो.

५. गाळणव्यवस्था

द्रावणात कचरा कोठून येतो? निगेटिव्हच्या पाठीवरील काजळीच्या संरक्षक थराचे कण, जिलेटिनचे तुकडे, हवेने ऑक्सिडीकृत झालेल्या डेव्हलपरचा चिकट अंश, जड पाण्यातील कॅल्शियमचे अवक्षेप आणि पुरवठ्याच्या पाण्यातील माती ही त्याची प्रमुख उगमस्थाने होत. ओल्या, फुगलेल्या थरावर बसलेला कण थर वाळताना त्यात रुतून बसतो.

त्याचे परिणाम साध्या गुणाकाराने कळतात. ३५ मिलिमीटर फितीवरील चित्राची रुंदी सुमारे २२ मिलिमीटर असते. ते १२ मीटर रुंद पडद्यावर टाकले म्हणजे सुमारे ५४५ पट मोठे होते. १० मायक्रॉनचा कण पडद्यावर साडेपाच मिलिमीटरचा होतो, तर ५० मायक्रॉनचा कण सत्तावीस मिलिमीटरचा. निगेटिव्हवरील असा कण तिच्यापासून काढलेल्या प्रत्येक प्रतीत उतरतो आणि मुंबईपासून गोंदियापर्यंतच्या प्रत्येक पडद्यावर त्याच जागी दिसतो. द्रावणांच्या अभिसरणात १० ते १५ मायक्रॉनपर्यंतचे कण अडविणाऱ्या गाळण्या वापरण्यामागे हे गणित आहे.

गाळणीचे साहित्य निवडतानाही रसायनशास्त्राचे भान ठेवावे लागते. पॉलिप्रोपिलीनचे धागे बहुतेक द्रावणांत निष्क्रिय राहतात. काही धाग्यांवर कारखान्यात लावलेले पदार्थ डेव्हलपरमध्ये उतरून प्रतिमेवर परिणाम करू शकतात, म्हणून नवी गाळणी तपासूनच वापरात आणावी लागते. सक्रियित कोळसा पाणी शुद्ध करण्यास उत्तम. पण डेव्हलपरमधील सेंद्रिय द्रव्येच तो शोषून घेत असल्याने त्या मंडळात तो बसविता येत नाही. वाळवणीच्या कक्षात येणारी हवाही गाळूनच सोडावी लागते.

गाळणी व तापमान यांचा परस्परसंबंध येथे प्रकट होतो. गाळणी हळूहळू तुंबते, तिच्या अलीकडचा दाब वाढतो आणि मंडळातील प्रवाह मंदावतो. प्रवाह मंदावला की विनिमयकातून टाकीत पोहोचणारी उष्णता कमी होते, फवाऱ्यांचा जोर घटतो व टाकीच्या वेगवेगळ्या भागांत तापमान वेगवेगळे राहू लागते. संवेदक जर विनिमयकाच्या मुखाशी असेल, तर तो ४१.१ हाच आकडा दाखवीत राहतो. फितीला मात्र त्यापेक्षा थंड व मंद द्रावण मिळत असते. दोष रंगाचा दिसतो, शोध रसायनांचा घेतला जातो आणि कारण गाळणीत दडलेले असते. म्हणून गाळणीच्या दोन्ही बाजूंना दाबमापक बसवून त्यांतील फरकाची नोंद ठेवणे, तसेच ठरावीक प्रकाश दिलेली चाचणीपट्टी वेळोवेळी यंत्रातून काढून तिची घनता आलेखावर मांडणे, या दोन शिस्ती प्रयोगशाळेच्या कामाचा कणा मानल्या जात.

६. धुणे आणि जतन

शेवटच्या धुण्याचा परिणाम तत्काळ दिसत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य होय. थरात राहिलेले थायोसल्फेट कालांतराने विघटित होते व त्यातील गंधक चांदीशी संयोग पावून पिवळट-तपकिरी सिल्व्हर सल्फाइड तयार करते. दमट व उष्ण हवेत ही क्रिया लवकर होते. फितीतून रसायन बाहेर पडणे हे विसरणावर अवलंबून असते आणि विसरण ऊन पाण्यात जलद होते. पाणी फार थंड असेल तर तेवढ्याच वेळात धुणे अपुरे राहते. पाणी गढूळ असेल तर धुतलेल्या थरावरच नवा गाळ बसतो. पाण्याची बचत करीत चांगले धुण्यासाठी ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडून फितीच्या उलट दिशेने मागे वाहू देण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे सर्वाधिक स्वच्छ झालेल्या फितीला सर्वाधिक स्वच्छ पाणी मिळते.

ॲसिटेट पट्टी आंबूस वास येऊन आक्रसणे हा निराळा रोग असून तो मुख्यतः साठवणुकीच्या उष्णता-आर्द्रतेशी निगडित आहे. अपुऱ्या धुण्याने येणारा डाग मात्र प्रक्रियेच्या दिवशीच फितीत पेरला जातो. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या व २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात समाविष्ट झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेकडे एखादी फीत येते, तेव्हा तिच्यासोबत त्या दिवशीच्या पाण्याचा इतिहासही येतो. साठवणूक कितीही उत्तम असली तरी ती पूर्वीचे अपुरे धुणे भरून काढू शकत नाही.

समारोप

डिजिटल चित्रण व प्रक्षेपण रूढ झाल्यावर २०१० नंतरच्या काही वर्षांत मुंबईतील बहुतेक मोठ्या रासायनिक प्रयोगशाळांचे काम थांबले. यंत्रे मोडीत निघाली. त्याहून मोठी हानी म्हणजे ती चालविणाऱ्या तंत्रज्ञांचे अनुभवज्ञान विखुरले गेले. दाबमापकाचा काटा किती सरकला म्हणजे गाळणी बदलावी, पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात कोणत्या टाकीकडे लक्ष ठेवावे, चाचणीपट्टीवरील कोणता कल रसायनाचा व कोणता प्रवाहाचा, हे ज्ञान ग्रंथांत फारसे आलेले नाही. मुंबईत २०१४ साली स्थापन झालेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतनाच्या प्रशिक्षणवर्गांतून या क्षेत्राकडे लक्ष वेधले आहे. परंतु जुन्या फितीवरील दोषाचे निदान करताना तो दोष ज्या यंत्रात निर्माण झाला त्याचे आकलन असणेही तितकेच आवश्यक आहे.

या दृष्टीने महाविद्यालयांना करण्याजोगे काम आहे. उष्णतेचा हिशेब पदार्थविज्ञानाचा, डेव्हलपरची क्रिया रसायनशास्त्राचा, जड पाण्याचा प्रश्न पर्यावरणशास्त्राचा व तंत्रज्ञांच्या आठवणी इतिहासाचा विषय आहे. प्रयोगशाळांतून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांच्या मुलाखती मराठीत नोंदवून ठेवल्यास आंतरविद्याशाखीय अभ्यासाला अस्सल साधनसामग्री उपलब्ध होईल. ‘रोल धुवायला दिला’ असे सहज म्हणणाऱ्या समाजाने तो कोणत्या पाण्यात, किती अंशांवर व कोणाच्या हातून धुतला गेला, याचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे. ही माणसे हयात आहेत तोवरच ते शक्य आहे.